पालखेडची लढाई नेमकी कुठल्या पालखेडला झाली? धरणाच्या की वैजापूरच्या?

गंगापूररोडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, तिला शाळेत इतिहासावर पाच मिनिटं बोलायचंय. बाईंनी सांगितलंय की विषय अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा घ्या पण आपल्या जिल्ह्याशी जोडलेला पाहिजे. तिने थोरले बाजीराव घेतले आणि त्यातही पालखेडची लढाई, कारण आमचं मूळ गाव दिंडोरी तालुक्यात, पालखेड धरणावरून आमचं कायम जाणंयेणं, त्यामुळे तिला वाटलं हा तर घरचाच विषय. नेटवर बघितलं तर कुठे "नाशिकजवळ" लिहिलंय, कुठे वैजापूर लिहिलंय, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय त्यात तर चक्क धरणाचा फोटो टाकून खाली लढाईची माहिती दिलीये. पोरीने वर्गासमोर चुकीचं बोलू नये एवढीच इच्छा आहे.

तर जाणकारांनी सांगा की लढाई नक्की कुठे झाली, आणि वैजापूरला झाली असेल तर ते कशावरून म्हणायचं. आणि लढाई झालीच का हेही जरा सोपं करून सांगा, कारण शाहू महाराज, कोल्हापूरचे संभाजी महाराज, निजाम, ताराबाई अशी इतकी नावं एकदम येतात की ती गोंधळून जाते (मीही). बाजीरावांचा जन्म आपल्या सिन्नरकडचा असं सासरे म्हणतात, ते खरंय का?

---

वैजापूरची_लेक

ताई, लढाई आमच्या पालखेडची. वैजापूर तालुका, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. माझं माहेर वैजापूर आणि सासर नाशिकरोड, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडे विचारतात. वैजापूरहून संभाजीनगरकडे जाताना त्या पट्ट्यात गाव आहे. तुमच्या मुलीने बिनधास्त वैजापूर तालुका म्हणून सांगावं. सविस्तर इथले इतिहासवाले सांगतीलच.

---

जुनी_पानं

ताई, प्रश्न चांगला आहे आणि मुलीने विषयही चांगला घेतलाय, फक्त ही लढाई तलवारबाजीची नाहीये हे आधी लक्षात घ्या, ती चालण्याची आणि पाण्याची लढाई आहे, आणि म्हणूनच ती कुठे झाली हे महत्त्वाचं. जागा बदलली तर लढाई समजतच नाही.

आधी कारण. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि छोटे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, शाहू तेव्हा सात वर्षांचे होते. इकडे राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले आणि पुढची सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाशी लढा चालवला. औरंगजेब १७०७ मध्ये नगरला मेला. त्याच्या मुलाने, आझमशहाने, उत्तरेकडे जाता जाता शाहूंना सोडून दिलं, हेतू हा की मराठ्यांत दोन गादीवाले झाले की ते आपसात भांडत बसतील. आणि झालंही तसंच. खेडला ऑक्टोबर १७०७ मध्ये लढाई झाली, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी चालू ठेवली आणि १७१४ मध्ये तिथे त्यांच्या सवतीने, राजसबाईंनी, आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाईंनाच कैदेत टाकलं. म्हणजे सातारला शाहू, कोल्हापूरला संभाजी (हे शिवाजी महाराजांचे नातू, छत्रपती संभाजी महाराज वेगळे, हे पोरीला नीट समजावून सांगा, इथे मोठी माणसं गडबडतात).

निजामाने नेमका हाच धागा पकडला. १७१९ च्या सनदांनी शाहूंना दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (त्यावर आणखी दहावा हिस्सा) मिळाली होती, बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्या घेऊन आले आणि येसूबाईही त्याच वेळी सुटून परत आल्या. आता निजाम म्हणायला लागला की पैसे द्यायचे ठीक आहे पण खरा छत्रपती कोण, दोघं हक्क सांगताहेत, आधी ते ठरू द्या, तोवर चौथ थांबवतो. आणि ठरवणार कोण तर तो स्वतः. हे चालू दिलं असतं तर मराठ्यांची गादी निजामाच्या दरबारात ठरली असती. बाजीराव १७२७ च्या पावसाळ्यानंतर निघाले ते यासाठी.

आता वाट बघा, नकाशा घेऊन बसा. आधी ते पूर्वेला निजामाच्या मुलखात घुसले, नोव्हेंबर १७२७ मध्ये जालन्याजवळ निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी गाठ पडली, पण बाजीराव तिथे अडकून पडले नाहीत, सरळ पूर्वेला माहूर, वाशीम, मंगरूळ असे गेले, मग एकदम उत्तरेला वळले आणि हूल उठवली की बुऱ्हाणपूर जाळणार. निजाम बुऱ्हाणपूर वाचवायला धावला तर बाजीराव खानदेश ओलांडून गुजरातेत. निजामाला कळेना पाठलाग कुठवर करायचा, म्हणून त्याने डोकं चालवलं आणि उलटा पुण्यावर आला, की घर पेटलं की हा माणूस परत येईलच. कोल्हापूरचे संभाजी महाराज त्याच्यासोबत होते. पुणं त्याने घेतलंसुद्धा. शाहू महाराजांना घेऊन बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा पुरंदरावर होते.

बाजीराव पुण्याला आलेच नाहीत. इथे खरी कमाल आहे. आपलं घर शत्रूच्या हातात आहे हे माहीत असून २७ वर्षांचा माणूस गुजरातेतून खानदेशात उतरतो आणि तोंड वळवतो औरंगाबादकडे, म्हणजे निजामाच्या घराकडे. मग निजामाला पुणं सोडून पळत राजधानी गाठणं भाग पडलं. पुणतांब्याला गोदावरी उतरून तो औरंगाबादच्या रस्त्याला लागला, घाई इतकी की अवजड तोफा मागेच राहिल्या. आणि निजामाचा सगळा जोर तोफखान्यावर होता.

पुणतांब्याहून औरंगाबादला रेघ मारा. वैजापूरचा मुलूख त्या रेघेवर येतो. दिंडोरी कुठे राहिली बघा. तोंड पूर्वेला करून घरी पळणारा माणूस पश्चिमेला नाशिककडे कशाला येईल?

---

कादवाकाठ

सर लिहिलंय छान, पण मी निफाड तालुक्यातला, आमच्याकडेही पालखेड आहे (मिरचीचे पालखेड म्हणतात), दिंडोरीत धरणाजवळ वेगळं, म्हणजे आपल्या जिल्ह्यातच पालखेड नावाची गावं एकाहून जास्त. लहानपणापासून ऐकत आलोय की पेशव्यांची लढाई इकडं झाली, बाहेरगावचे लोक येऊन विचारतात की कुठंय ती जागा. इतक्या लोकांनी नाशिकजवळ असं लिहून ठेवलंय ते सगळे उगाच का? नाशिकही तेव्हा निजामाकडेच होतं ना? मग त्याची फौज इकडं येणं अशक्य आहे असं कसं म्हणता येईल?

---

जुनी_पानं

कादवाकाठ भाऊ, नाशिक तेव्हा मराठ्यांकडे नव्हतं हे अगदी बरोबर, आणि या सगळ्या पट्ट्यातून फौजांची येजा असायची हेही खरं, खानदेशातून घाटाखाली जायचं तर आपला मुलूख वाटेतच. पण ही लढाई निजाम का हरला ते बघा म्हणजे जागा आपोआप कळते.

निजाम काही कच्चा गडी नव्हता. वय तेव्हा ५६ की ५७, औरंगजेबाच्या हाताखाली लढून तयार झालेला, दिल्लीची वजिरी करून आलेला, १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला (आत्ताचा बुलढाणा जिल्हा) मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारून दक्षिणेत स्वतंत्र झालेला. त्या लढाईत बाजीराव त्याच्याच बाजूने होते, म्हणजे त्याच्या तोफा काय करतात हे बाजीरावांनी जवळून पाहिलं होतं. त्या तोफांसमोर मैदानात उभं राहायचंच नाही हे त्यांनी पक्कं केलं असणार असं माझं मत आहे. त्यामुळे पालखेडला मोठी हातघाई अशी झालीच नाही. फेब्रुवारी १७२८ चा शेवटचा आठवडा (कुठे २५ तारीख दिसेल, कुठे २८, पोरीने फेब्रुवारी १७२८ एवढं म्हटलं तरी पुरे), निजामाची छावणी अशा जागी अडकली की जवळ पाणी नाही आणि चारी बाजूंना मराठ्यांचं घोडदळ. तोफा मागे राहिलेल्या. बाहेरून धान्य येईना, चारा येईना, पाण्याला माणूस पाठवला तर परत येईना. आणि छावणी म्हणजे नुसते शिपाई नसतात हो, हत्ती, घोडे, बैल, उंट, बाजारबुणगे, मुदपाकखाना, बायामाणसं. फेब्रुवारी संपता संपता तिकडचं ऊन माहीत असेलच तुम्हाला. माणूस एक दिवस कळ काढेल, जनावर काढत नाही.

आता हे आपल्याकडच्या कादवा नदीच्या काठी करून दाखवा. शेजारी नदी वाहतेय आणि फौज तहानेने शरण आली, असं होईल का? आपल्याकडच्या पालखेडला निजाम अडकला असता तर त्याने आरामात नदीला पाठ देऊन तळ ठोकला असता आणि तोफांची वाट बघत बसला असता.

---

वैजापूरची_लेक

पाण्याचं मी सांगते. आमच्या भागात माणसं अजूनही पाण्याचंच बोलतात. नांदूर मधमेश्वरचा कालवा आला म्हणून वैजापूर-गंगापूरच्या काही गावांना आधार झाला, नाहीतर आजीच्या काळात होळीच्या आधीच विहिरी तळाला जायच्या. माझी आजी रात्री उठून विहिरीवर बसायची, झिरपलेलं पाणी वाटीने कळशीत भरायचं म्हणून. त्यामुळे निजामाच्या एवढ्या मोठ्या छावणीला तिथे पाणी पुरलं नाही हे वाचलं तेव्हा आमच्या घरी कुणालाच नवल वाटलं नाही.

आणि बघा ना, आज आमच्याकडे येणारं ते पाणी नाशिक जिल्ह्यातूनच येतं.

---

सिन्नरकर_दादा

आता दुबेऱ्याचं मी सांगतो कारण ते आमचं हक्काचं आहे. ताई तुमचे सासरे अगदी बरोबर सांगताहेत. बाजीरावांच्या आई राधाबाई या दुबेऱ्याच्या बर्वे घराण्यातल्या, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या, १८ ऑगस्ट १७०० ला बाजीरावांचा जन्म दुबेऱ्याला बर्वेवाड्यात झाला. सिन्नरहून ठाणगावच्या रस्त्याला लागलं की दुबेरे येतं, मागे दुबेरगड. वाडा अजून उभा आहे, उंच दगडी भिंती, बुरूज, आत लाकडी खांबांवरचं कोरीवकाम, आणि जन्माची म्हणून ती खोली दाखवतात. आत अंधार असतो, छोटी खोली आहे, पोरांना घेऊन गेलं तर एकदम गप्प होतात. घरात राहती माणसं आहेत त्यामुळे जाताना विचारून, वेळ बघून जा, दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊन दार वाजवू नका.

मुलीच्या भाषणाला नाशिकशी जोड पाहिजे ना? हीच घ्या. पालखेड वैजापूरला जाऊ द्या, पण ते जिंकणारा माणूस आपल्या सिन्नर तालुक्यात जन्मला. १७०० चं ते साल बघा, मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला, सगळं संपलं असं वाटावं असा काळ, आणि ऑगस्टमध्ये दुबेऱ्याला हे बाळ.

---

पंचवटी_ईस्ट

थोडं नाशिक शहराचंही येऊ दे. बऱ्याच जणांना वाटतं की बाजीरावांच्या वेळी नाशिक म्हणजे पेशव्यांचं, घाट, देवळं, वाडे सगळं तेव्हाचं. तसं नाहीये. मोगलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलेलं, आणि शहर मराठ्यांकडे आलं ते बाजीराव गेल्यानंतर, नानासाहेबांच्या काळात. आज आपण जी पेशवाईतली देवळं म्हणून पाहुण्यांना दाखवतो ती बहुतेक सगळी त्याच्या पुढची आहेत, नारोशंकराचं रामेश्वर मंदिर १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं, काळाराम तर त्याहून कितीतरी पुढचं, १७९० च्या आसपास पूर्ण झालेलं. म्हणजे बाजीरावांनी गोदाघाटावर यातलं काहीच पाहिलेलं नाही.

पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीची एक वस्तू मात्र नाशिकमध्ये डोळ्यासमोर टांगलेली आहे आणि आपण रोज तिच्याखालून जातो. नारोशंकराची घंटा. ती पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्यानंतर ती इकडे आली असं सांगतात. वसईच्या चर्चची घंटा, आणि वाजते गोदावरीकाठी महादेवाच्या देवळावर. आमच्याकडे कुणी घसा फोडून बोलायला लागलं की आई म्हणायची, काय नारोशंकराची घंटा आहेस का. मुलीला नेऊन दाखवा, वर मान करून बघायला लावा, कारण बहुतेक लोक खालूनच निघून जातात.

१७२१ म्हणजे बाजीरावांना पेशवेपद मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, एप्रिल १७२० मध्ये मिळालं, वय तेव्हा १९. कारकिर्दीच्या सुरुवातीची ती घंटा.

---

मास्तरीण_जेलरोड

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, मुलं अशा भाषणात फक्त बाजीराव बाजीराव करतात आणि बायका गळून जातात. या सगळ्या गोष्टीची सुरुवात ताराबाईंपासून होते. राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या, मांडीवर लहान मुलगा, आणि समोर औरंगजेब स्वतः दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. त्याने एक किल्ला घ्यायचा आणि मराठ्यांनी मागून दुसरा परत घ्यायचा, त्याच वेळी मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यापर्यंत जायच्या. ही जी शत्रू आपल्या घरात असताना त्याच्या घरात शिरायची रीत आहे ना, ती बाजीरावांच्या आधी ताराबाईंच्या काळात मराठ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. पालखेडला बाजीरावांनी तेच फार मोठ्या पल्ल्यावर आणि फार शिस्तीने केलं, असं मी वर्गात शिकवते आणि मला ते मनापासून पटतं. आणि येसूबाई, १६८९ ते १७१९ इतकी वर्षं कैदेत काढून परत आलेली बाई. चौथाईच्या सनदा सगळ्यांच्या लक्षात राहतात, त्याच मोहिमेतून या घरी आल्या हे कुणी सांगत नाही. तुमच्या मुलीने एक वाक्य तरी या दोघींवर बोलावं.

दोन, निजामाच्या बाजूला सगळे परके आणि आपल्या बाजूला सगळे आपले असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं. चंद्रसेन जाधव निजामाकडे होते, धनाजींचे सख्खे चिरंजीव. बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं आणि १७११ च्या सुमारास शाहूंना सोडून गेले. रावरंभा निंबाळकरही तिकडेच. म्हणजे पालखेडच्या वेढ्यात आत मराठे आणि बाहेरही मराठे. हे सांगितल्याशिवाय खरा छत्रपती कोण या निजामाच्या प्रश्नात केवढं विष होतं ते मुलांना कळत नाही, कारण तो प्रश्न विचारायला त्याच्याजवळ मराठे सरदारच बसलेले होते.

---

कादवाकाठ

बाईंनी चंद्रसेनांचं सांगितलं ते माहीत नव्हतं. बरं मग शेवट काय झाला? निजामाला पकडलं का सोडलं? आणि एवढा हातात सापडला होता तर संपवला का नाही? त्याचं राज्य पुढं सव्वादोनशे वर्षं राहिलं, मराठवाड्याला १९४८ पर्यंत थांबावं लागलं. हे मला कायम सलतं.

---

जुनी_पानं

सलणं साहजिक आहे. झालं असं की निजामाने ऐवजखानामार्फत बोलणी लावली, मध्ये चंद्रसेनही होते. बाजीरावांनी त्याला पाण्याजवळ तळ हलवू दिला आणि ६ मार्च १७२८ ला मुंगी शेवगावचा तह झाला. मुंगी गोदावरीच्या काठी, पैठणच्या जवळ, आता शेवगाव तालुक्यात. तहात मुख्य काय, तर चौथ आणि सरदेशमुखी शाहूंची हे मान्य, आणि संभाजी महाराजांची बाजू निजामाने सोडायची. म्हणजे जो प्रश्न त्याने उकरून काढला होता तो त्याच्याच सहीने मिटवून घेतला. पुढे १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा-कोल्हापूरची हद्दही ठरली आणि तो घरातला वाद मिटला.

संपवला का नाही, यावर वाद चालूच असतात. मला वाटतं त्याला दोन कारणं. शाहू महाराजांचा स्वभाव समोरच्याला मुळापासून उपटायचा नव्हता, आणि बाजीराव त्यांच्या हुकमाबाहेर नव्हते. दुसरं म्हणजे तहानेने जेरीस आलेली फौज शेवटी जिवावर उदार होऊन तुटून पडली असती तर बाजीरावांचीही किती माणसं गेली असती. त्यांनी सबंध मोहीम माणसं वाचवत केली होती. त्यांचा डोळा उत्तरेवर होता, माळवा, बुंदेलखंड, आणि त्यासाठी फौज शाबूत पाहिजे होती. पालखेडनंतर वर्षभरातच ते छत्रसालांच्या मदतीला बुंदेलखंडात पोचले हे बघा. दहा वर्षांनी भोपाळला निजाम पुन्हा समोर आला, तोफखाना घेऊन आला, आणि पुन्हा तसाच कोंडला गेला, जानेवारी १७३८ मध्ये पुन्हा तह. तरी १७२८ ला त्याला सोडायला नको होतं असं तुम्हाला वाटतं ते मी चूक म्हणणार नाही, मराठवाड्यातल्या माणसाला तर वाटणारच.

---

गंगापूररोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मुलीला सगळं वाचून दाखवलं, तिने चंद्रसेन जाधवांवर लगेच बोट ठेवलं, म्हणे वडील एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला असं कसं. आता ती सुरुवात दुबेऱ्यापासून करणार आणि मोठा नकाशा काढणार. तिचे प्रश्न असे, दोन्हीकडे फौज किती होती ते सांगू का, आणि पाच मिनिटांत काय गाळू?

---

मास्तरीण_जेलरोड

फौजेचा आकडा सांगू नकोस बाळा, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. त्यापेक्षा फौज कशी होती ते सांग. मराठ्यांकडे हलकं घोडदळ, सोबत अवजड तोफा नाहीत, जनाना नाही, तंबूंचा पसारा नाही, खायला वाटेतल्या मुलखात मिळेल ते. बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसं हातावर चोळून खात चालले असायचे अशी गोष्ट सांगतात, ती गोष्ट म्हणूनच सांग, पण सांग, कारण त्यातून सगळी मोहीम डोळ्यासमोर येते आणि मुलं ऐकतात. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे या मोहिमेत होते, तेव्हा ते अजून मोठे संस्थानिक झालेले नव्हते, हेही एका वाक्यात येऊ दे.

गाळायचं म्हणशील तर वारणेचा तह गाळ, भोपाळ गाळ. ताराबाई गाळू नकोस.

---

सिन्नरकर_दादा

नकाशात गावं हीच घे: दुबेरे कोपऱ्यात, मग जालना, माहूर, वाशीम, बुऱ्हाणपूरकडे तुटक रेघ (कारण ती हूल होती), गुजरात, खानदेश, आणि खाली पालखेड. निजामाची वाट वेगळ्या रंगाने, पुणे, पुणतांबा, पालखेड, मुंगी. दोन रंग एकमेकांना कुठे भेटतात ते वर्गात पोरांनाच विचार.

---

वैजापूरची_लेक

आणि सुट्टीत तिला पालखेडला घेऊन या. नाशिक, निफाड, येवला, वैजापूर असा सरळ रस्ता आहे. फेब्रुवारीत आलात तर उत्तम, हुरड्याचे दिवस असतात आणि जमीन कशी कोरडी पडायला लागलेली असते ते तिला स्वतः बघता येईल.

---

गंगापूररोडची_आई

नक्की येतो ताई. नकाशा आत्ता रंगवायला घेतलाय, तिने विचारलंय पुणतांबा कुठल्या तालुक्यात दाखवू?

---

जुनी_पानं

राहाता तालुका, अहिल्यानगर जिल्हा. गोदावरीच्या दक्षिण काठावर दाखवायला सांगा, नदी ओलांडल्याचा बाण तिथूनच निघेल.